सह्याद्रीचे जुने नकाशे काय सांगतात

सह्याद्रीत पूर्वी जंगल किती होते, कुठे होते आणि त्यात कोण राहत होते, हा प्रश्न आता केवळ अभ्यासकांचा राहिलेला नाही. पर्यावरणीय संवेदनशील क्षेत्राची हद्द आखताना तो येतो, वनहक्काचा दावा ग्रामसभेपुढे आला की येतो, एखाद्या पावसाळ्यात वाडी दरडीखाली गेली की पुन्हा येतो. उत्तरे मात्र बहुधा आठवणींवर बेतलेली असतात. कुणी म्हणते, पूर्वी इथे सूर्य दिसत नव्हता. कुणी म्हणते, हे डोंगर पहिल्यापासूनच बोडके. दोघांनाही तपासून पाहता येईल असा एक पुरावा आपल्याकडे आहे. गेल्या दोनशे वर्षांत या डोंगररांगेचे जे स्थलदर्शक नकाशे तयार झाले, तोच हा पुरावा. ते कुणी केले, कशासाठी केले, त्यांत काय दिसते, काय सुटते आणि आज त्यांचा उपयोग कुठे होतो, याचा हा आढावा.

नकाशाआधीचा डोंगर

इंग्रजी मोजणी येण्यापूर्वी सह्याद्रीची माहिती नव्हती असे नाही. ती कागदापेक्षा माणसांत आणि दप्तरांत होती. कोणत्या घाटाने बैल चढतात, कोणत्या नाळेने फक्त माणूस उतरतो, हे वाटाड्यांना आणि घाटावरच्या चौक्यांना पक्के ठाऊक असे. घाटवाटांवर जकात घेतली जाई, म्हणजे वाटांची नोंद होती. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात किल्ल्याभोवतीची झाडी राखावी, आंबा-फणसासारखी झाडे सरसकट तोडू नयेत, असे बजावले आहे. दाट जंगल हे गडाच्या संरक्षणाचा भाग मानले जात होते. जावळीचे खोरे जिंकायला अवघड होते ते डोंगरामुळे जितके, तितकेच झाडीमुळे.

मराठेशाहीतले मोडी लिपीतले काही नकाशेही उपलब्ध आहेत. त्यांत किल्ले समोरून पाहिल्यासारखे काढलेले असतात, नद्या पट्ट्यांसारख्या वाहतात, गावांची नावे जागोजागी लिहिलेली असतात. एकसारखे प्रमाण त्यांना नाही, त्यामुळे त्यांवरून अंतर मोजता येत नाही. पण कोणती जागा महत्त्वाची होती आणि कोणती दुसरीशी जोडलेली होती, हे त्यांतून कळते. जंगलाचा विस्तार त्यांवरून ठरवता येत नाही. त्यासाठी मोजणीच्या नकाशांकडेच यावे लागते.

थिओडोलाइट आणि प्लेन टेबल

१८१८ मध्ये पेशवाई संपली आणि कंपनी सरकारला एकदम मोठा, डोंगराळ आणि अपरिचित मुलूख हाती आला. सैन्य कुठून न्यायचे, रस्ता कुठे काढायचा, महसूल किती बसवायचा, या तिन्ही प्रश्नांना नकाशा हवा होता. दक्षिण कोकणाची पाहणी थॉमस बेस्ट जर्व्हिस या अभियंता अधिकाऱ्याने पुढच्या एक-दोन वर्षांतच सुरू केली आणि ते काम १८२० च्या दशकभर चालले. त्याचा भाऊ जॉर्ज जर्व्हिस याने १८२३ मध्ये मुंबईत अभियांत्रिकीची शाळा चालवायला घेतली. गणिताची पाठ्यपुस्तके मराठीत आणण्याचे त्याचे काम मराठी शिक्षणाच्या इतिहासात नोंदले गेले आहे. मोजणीच्या कामाला लागणारी एतद्देशीय माणसे अशा शाळांतून तयार होऊ लागली.

या आधीच, १० एप्रिल १८०२ रोजी, विल्यम लॅम्बटनने मद्रासजवळ एक पायारेषा मोजून त्रिकोणमितीय सर्वेक्षणाला सुरुवात केली होती. पद्धत समजायला सोपी आणि करायला कठीण आहे. एक सरळ रेषा साखळीने अत्यंत काळजीपूर्वक मोजायची. तिच्या दोन टोकांवरून दूरच्या शिखराशी होणारे कोन थिओडोलाइटने घ्यायचे. कोन आणि एक बाजू कळली की त्रिकोणाच्या उरलेल्या बाजू गणिताने निघतात. मग त्या बाजूवर पुढचा त्रिकोण उभा करायचा. मुंबई इलाख्यातले त्रिकोणमितीचे काम १८२८ पासून रॉबर्ट शॉर्टरीड याच्याकडे होते. सह्याद्रीची शिखरे या कामाला सोयीची होती, कारण माथ्यावरून एका बाजूला कोकण आणि दुसऱ्या बाजूला देश, दोन्ही दूरवर दिसतात. आजही अनेक माथ्यांवर दगडात कोरलेली मोजणीची खूण सापडते. नकाशावर तिथे त्रिकोण असतो आणि शेजारी उंचीचा आकडा.

त्रिकोणांची जाळी हा सांगाडा झाला. त्यात नदी, वाट, वस्ती, झाडी भरण्याचे काम प्लेन टेबलवर झाले. तिवईवर बसवलेली सपाट फळी, तिच्यावर ताणलेला कागद, नेम धरायची पट्टी, आणि सोबत खलाशी. मोजणीखात्यात सामान वाहणाऱ्या, झेंडे धरणाऱ्या, वाट साफ करणाऱ्या माणसांना खलाशीच म्हणत. नकाशाच्या कोपऱ्यात अधिकाऱ्याचे नाव छापलेले असते. पण खालची वाट दाखवणारा कातकरी, वस्तीचे नाव सांगणारा पाटील आणि कड्यावर झेंडा नेऊन लावणारा खलाशी यांच्याशिवाय एकही शीट पुरी झाली नसती. त्यांची नावे कुठेही नाहीत, आणि ही उणीव या इतिहासाच्या प्रत्येक आढाव्यात सांगितली पाहिजे.

१८२७ पासून चार मैलाला एक इंच या प्रमाणावर हिंदुस्थानचा अॅटलास निघू लागला. त्या काळच्या नकाशांत डोंगर उताराच्या दिशेने ओढलेल्या बारीक रेघांनी दाखवत. रेघा दाट तिथे चढ उभा. दिसायला ते सुंदर आहेत, पण नेमकी उंची त्यांवरून कळत नाही आणि जंगलाची माहिती तर फारच तुटपुंजी. खरा बदल विसाव्या शतकात झाला. १९०४-०५ च्या समितीने सर्व्हे ऑफ इंडियाच्या कामाची फेरतपासणी केली आणि संपूर्ण देशाची नवी, रंगीत, समोच्च रेषा असलेली एक इंची मालिका करण्याचे ठरले. एक इंचाला एक मैल, म्हणजे १:६३,३६०. सह्याद्रीच्या जंगलाचा अभ्यास ज्यांवर उभा राहू शकतो ते नकाशे हेच. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन-चार दशकांत यांची पाहणी झाली. १९५० च्या दशकात मेट्रिक पद्धत स्वीकारल्यावर ही मालिका हळूहळू १:५०,००० मध्ये आली.

जंगलखात्याची वेगळी नजर

सर्व्हे ऑफ इंडियाच्या जोडीने दुसरी एक नकाशांची परंपरा वाढत होती. मुंबई इलाख्यात १८४७ मध्ये अलेक्झांडर गिब्सन याची वनसंरक्षक म्हणून नेमणूक झाली. पुढे १८६५ आणि १८७८ च्या वन कायद्यांनी सरकारला जंगलावर हद्द घालण्याचा अधिकार दिला. १८७८ च्या कायद्याने राखीव, संरक्षित आणि ग्राम अशी जंगलाची वर्गवारी केली. हद्द घालायची तर मोठ्या प्रमाणावरचा नकाशा लागतो. त्यासाठी १८७२ मध्ये जंगलांच्या मोजणीची स्वतंत्र शाखा स्थापन झाली आणि मैलाला चार इंच या प्रमाणावर, म्हणजे १:१५,८४० वर, वननकाशे निघू लागले. एक इंची शीटवर जो डोंगर बोटाच्या पेराएवढा दिसतो, तो इथे ओंजळीएवढा होतो. कंपार्टमेंटचे आकडे, हद्दीचे दगड, सागाचे पट्टे, पाणवठे, सगळे यांत येते.

या रेषा कोऱ्या जमिनीवर पडल्या नाहीत. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत भाताची रोपे वाढवण्यासाठी राब भाजण्याची पद्धत होती, आणि राबासाठी लागणारा टहाळ जंगलातून येई. डोंगरउतारावर नाचणी-वरीची दळी शेती ठाकूर-कातकरी करत. राखीव जंगलाची रेषा या वहिवाटींमधून गेली आणि असंतोष इतका वाढला की १८८५ मध्ये सरकारला फॉरेस्ट कमिशन नेमावे लागले. त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला. जुन्या वननकाशावरची प्रत्येक हद्द ही एका वादाचा निकाल आहे, हे लक्षात ठेवून तो वाचावा लागतो.

इथेच या विषयातला सर्वांत मोठा गोंधळ सुरू होतो. नकाशावर जंगल दोन प्रकारे येते. एक म्हणजे हिरवा रंग, जो पाहणीच्या वेळी झाडी होती असे सांगतो. दुसरी म्हणजे ठिपक्यांची हद्दरेषा, जी जमीन कायद्याने जंगलखात्याची असल्याचे सांगते. पुष्कळ ठिकाणी हिरवा रंग रेषेबाहेर सांडलेला असतो, कारण मालकीच्या जमिनीवर, देवस्थानाच्या रानात, गावाच्या गायरानात झाडी होती. तितक्याच ठिकाणी रेषेच्या आत रंगच नसतो, कारण तिथे गवताळ माळ किंवा कातळाचा सडा होता. ‘नकाशात जंगल आहे’ असे म्हणताना यांतले नेमके कोणते, हे सांगितले नाही तर पुढची सगळी चर्चा फसते.

एक शीट वाचताना

भारताच्या शीट्सची क्रमांकपद्धत एकदा कळली की डोंगरातली कोणतीही जागा सापडते. चार अंश लांब आणि चार अंश रुंद अशा चौकोनाला एक क्रमांक आहे. मुंबई, पुणे, सातारा आणि कोकणाचा मोठा भाग ४७ क्रमांकात येतो. त्याचे ए ते पी असे सोळा भाग, आणि प्रत्येकाचे पुन्हा सोळा. पुणे शहर ४७ एफ/१४ वर आहे, महाबळेश्वर ४७ जी/९ वर, भीमाशंकर ४७ ई/१२ वर, हरिश्चंद्रगड ४७ ई/१५ वर आणि कळसूबाई ४७ ई/१० वर. एका शीटमध्ये सातशे चौरस किलोमीटरहून थोडी अधिक जमीन मावते.

अशा शीटवर तपकिरी समोच्च रेषा कोकणकड्याशी येऊन एकमेकींना चिकटतात आणि तिथे कड्याची खूण काढावी लागते. घाटमाथ्याच्या पूर्वेला त्याच रेषा सैल होतात. बारमाही पाण्याचे ओढे निळे, पावसाळी ओढे काळे. बैलगाडीची वाट वेगळी, ओझ्याच्या जनावरांची वेगळी, पाऊलवाट वेगळी. मंदिर, किल्ला, विहीर, आठवड्याचा बाजार, डाकबंगला, ओस पडलेले गाव, प्रत्येकाची खूण किंवा नोंद आहे. हिरव्या भागात इंग्रजीत लिहिलेले असते: दाट मिश्र जंगल, विरळ मिश्र जंगल, उघडे झुडूप. वाड्यांची नावे पाहिली तर समाजाचा नकाशाही उलगडतो. धनगरवाडा, ठाकूरवाडी, कातकरवाडी ही नावे घाटमाथ्यावर आणि उतारावर कशी विखुरली आहेत, हे कोणत्याही जनगणनेच्या तक्त्यापेक्षा इथे स्पष्ट दिसते.

घाटवाटांचा अभ्यास करणाऱ्यांसाठी या शीट्स म्हणजे खजिनाच आहे. १८३० मध्ये बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला, १८६३ मध्ये तिथून आणि १८६५ मध्ये थळघाटातून रेल्वे वर चढली. त्यानंतर शेकडो वर्षे चालत्या असलेल्या लहान वाटांची वर्दळ ओसरू लागली. तरीही विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या नकाशांत त्यांतल्या अनेक वाटा जिवंत आहेत, वापरात असल्याच्या खुणेसह. जेम्स कॅम्पबेलने संपादित केलेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमध्ये प्रत्येक जिल्ह्याच्या घाटांची वर्णने आहेत. गॅझेटियर आणि शीट शेजारी ठेवून वाचले की कोणता घाट कोणत्या दशकात सुटत गेला, याची साखळी लावता येते.

नकाशा कुठे चुकतो

हे नकाशे मोलाचे आहेत म्हणूनच त्यांच्या मर्यादा नीट सांगायला हव्यात.

पहिली मर्यादा ऋतूची. पावसाळ्यात सह्याद्रीत मोजणी अशक्य, म्हणून पाहणी होई दिवाळीनंतर ते उन्हाळ्यापर्यंत. पूर्वेच्या उतारावरचे पानझडी जंगल फेब्रुवारीपासून निष्पर्ण होते. मार्चमध्ये तिथे फळी मांडणाऱ्या सर्व्हेअरला जे विरळ वाटले, ते ऑगस्टमध्ये तसे नसते. महाबळेश्वर, भीमाशंकर किंवा कोयनेच्या सदाहरित पट्ट्यात हा फरक पडत नाही, पण मावळ आणि खालच्या कोकणात तो लक्षात घ्यावाच लागतो.

दुसरी मर्यादा वर्गवारीची. दाट आणि विरळ यांत आकड्याची सीमा नव्हती, ते ठरवणे पाहणाऱ्याच्या डोळ्यावर होते. शेजारशेजारच्या दोन शीट्स वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या तुकड्यांनी केल्या असतील तर जंगल बरोबर शीटच्या कडेवर संपल्यासारखे दिसते. पडीक सोडलेल्या दळीवर पाच-सात वर्षांनी उगवलेले झुडूप आणि मूळचे झुडूपरान यांना एकच खूण मिळते.

तिसरी मर्यादा प्रमाणाची. एक इंची नकाशात बांधाएवढी गोष्ट मावत नाही. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात ज्या देवरायांचा अभ्यास केला, त्यांतल्या कितीतरी काही गुंठ्यांच्या किंवा काही एकरांच्या आहेत. नकाशावर त्यांची जागा फार तर देवळाच्या खुणेने कळते. जंगलाचा सर्वांत जुना, सर्वांत जपलेला तुकडा नकाशात दिसतच नाही, असे यामुळे होते. हंगामानुसार जागा बदलणाऱ्या वस्त्यांचेही तेच.

चौथी मर्यादा तारखेची. शीटवर पाहणीचे वर्ष, प्रकाशनाचे वर्ष आणि पुनर्मुद्रणाचे वर्ष अशी वेगवेगळी वर्षे असतात. नंतरच्या आवृत्तीत रस्ता आणि धरण भरले जाते, पण जंगलाचा हिरवा रंग पुष्कळदा आधीच्या पाहणीचाच राहतो. आवृत्तीचे साल धरून जंगलाचे साल ठरवणे ही या क्षेत्रातली नेहमीची चूक आहे. प्रत्येक शीटच्या खालच्या समासात पाहणीची माहिती दिलेली असते, ती आधी वाचायची.

पाचवी मर्यादा तांत्रिक. जुन्या शीट्स एव्हरेस्ट या मोजणी अधिकाऱ्याच्या १८३० च्या पृथ्वीगोल-मापनावर आधारलेल्या आहेत, तर जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ हे वेगळे मापन वापरते. दोन्हींतल्या अक्षांश-रेखांशांत सह्याद्रीच्या भागात शंभर मीटरच्या पुढे फरक येतो. हे रूपांतर न करता जुना नकाशा उपग्रहचित्रावर ठेवला तर कड्यावरची वाडी दरीत उतरते, आणि ओढ्याकाठची झाडी शेतात जाते. क्यूजीआयएससारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये हे रूपांतर करता येते, पण ते करायचे असते हे माहीत हवे.

हरवलेल्या जंगलाचा हिशेब

या मर्यादा सांभाळून केलेला अभ्यास काय सांगतो? हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी १९२० च्या दशकातल्या स्थलदर्शक नकाशांपासून २०१३ च्या उपग्रहचित्रांपर्यंत संपूर्ण पश्चिम घाटाचे वनक्षेत्र ताडून पाहिले. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार त्या नव्वद वर्षांत घाटातले सुमारे ३५ टक्के जंगल गेले. जुने नकाशे नसते तर ही तुलना १९७० च्या दशकात, पहिल्या उपग्रहचित्रांपाशी अडली असती, आणि त्याआधीची सगळी हानी हिशेबाबाहेर राहिली असती.

हा आकडा गुजरातपासून केरळपर्यंतच्या अख्ख्या रांगेचा आहे. महाराष्ट्रातल्या एखाद्या तालुक्याला तो जसाच्या तसा लावता येणार नाही. दक्षिणेत चहा-कॉफीचे मळे आणि मोठे जलाशय यांनी जंगल घेतले. आपल्याकडे रेल्वेच्या स्लीपरसाठी आणि शहरांच्या कोळशासाठी झालेली तोड, धरणे, आणि अलीकडच्या काळात डोंगरावरची बांधकामे अशी कारणांची जुळणी निराळी आहे. म्हणून शीट-शीटवर जाऊन केलेला स्थानिक हिशेब लागतो. तो झाला तर उलट दिशेच्या गोष्टीही समोर येतील. माणसे मुंबईला गेल्यामुळे ओस पडलेल्या वरकस जमिनींवर पुन्हा झाडी आलेली दिसेल. ज्या सड्यांना आपण उजाड म्हणून झाडे लावायला निघतो, ते शंभर वर्षांपूर्वीच्या नकाशातही उघडेच होते हे कळेल. कासचे पठार जागतिक वारशात आले ते त्याच्या उघड्या कातळावरच्या फुलांमुळे. अशा जागी झाडे लावणे ही हानीच आहे.

पश्चिम घाटाविषयी गाडगीळ समितीचा अहवाल २०११ मध्ये आणि कस्तुरीरंगन समितीचा २०१३ मध्ये आला. दुसऱ्या समितीने घाटाचा सुमारे ३७ टक्के भाग संवेदनशील ठरवला आणि त्यासाठी गाव हे एकक धरले. २०१४ पासून केंद्राने या क्षेत्राच्या अधिसूचनेचे पुन्हा पुन्हा मसुदे काढले, आणि प्रत्येक वेळी गावांच्या यादीवर वाद झाला. या वादात आजचे उपग्रहचित्र दोन्ही बाजू वापरतात. शंभर वर्षांच्या नकाशांची मालिका ठेवली तर एखादे गाव आज हिरवे का आहे, हेही विचारता येईल. तिथल्या लोकांनी राखले म्हणून, की ते लोक निघून गेले म्हणून, की तिथे कधी पोचताच आले नाही म्हणून. धोरण या उत्तरानुसार बदलायला हवे.

पाण्याखालच्या दऱ्या

सह्याद्रीच्या ज्या दऱ्या आता पाण्याखाली आहेत, त्यांचे पूर्ण चित्र फक्त जुन्या नकाशांत राहिले आहे. मुळशीच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ ते १९२४ या काळात सत्याग्रह झाला, तरी मावळातली सुपीक भातखाचरे बुडाली. १९२६ मध्ये भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले. १९६० च्या दशकात कोयनेचे पाणी अडले आणि शिवसागराने पन्नास किलोमीटरच्या आसपास लांबीचे खोरे व्यापले. धरणाआधी पाहणी झालेल्या शीट्सवर या दऱ्यांतली गावे, नदीकाठची भातशेती, तरीच्या जागा, वाड्यांना जोडणाऱ्या वाटा नावानिशी आहेत.

कोयनेच्या विस्थापितांना ठाणे-रायगडपासून सोलापूर-सांगलीपर्यंत पांगवले गेले आणि त्यांच्यातल्या अनेकांचे पुनर्वसन दोन पिढ्यांनंतरही वादातच आहे. वर राहिलेली गावे पुढे १९८५ मध्ये अभयारण्यात आणि २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आली. ज्या कुटुंबांची तिसरी पिढी आज गाव कुठे होते ते विचारते, त्यांना दाखवायला या शीटइतका नेमका कागद दुसरा नाही.

वनहक्काची साक्ष

जुन्या नकाशाचा सर्वांत निकडीचा उपयोग इथे आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार आदिवासी कुटुंबाला १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवावा लागतो. इतर पारंपरिक वननिवासींना त्याशिवाय तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे, वास्तव्य सिद्ध करावे लागते. हिशेब केला तर हा पुरावा डिसेंबर १९३० पर्यंत मागे जातो. २००८ च्या नियमांतल्या तेराव्या नियमाने पुराव्यांत गॅझेटियर, जनगणना, मोजणी आणि जमाबंदीचे अहवाल, नकाशे, वनखात्याच्या कार्य आयोजना यांचा स्पष्ट समावेश केला आहे.

घाटमाथ्यावरचा गवळी धनगर समाज महाराष्ट्रात अनुसूचित जमातीत मोडत नाही, म्हणून त्याला ७५ वर्षांची अट लागते. त्याच्याकडे सातबारा नसतो, जुनी पावती नसते. पण १९३० च्या आधी पाहणी झालेल्या शीटवर त्याचा धनगरवाडा छापलेला असला, तर वस्ती तेव्हा होती याला सरकारी कागदाचीच साक्ष मिळते. रायगडमधल्या दळी जमिनींच्या दाव्यांत जुने वननकाशे आणि नोंदी असेच उपयोगी पडतात. अर्थात नकाशा वस्तीचे अस्तित्व दाखवतो, अमुक कुटुंबाचे नाही. त्यासाठी वडीलधाऱ्यांचे जबाब, देवस्थान, दफनभूमी, जुनी झाडे असे दुसरे पुरावे जोडावे लागतात, आणि नियमांनाही एकाहून अधिक पुरावे अपेक्षित आहेत. तसेच नकाशात वस्ती नाही म्हणून ती नव्हतीच, असे म्हणून दावा फेटाळणे हा अन्याय होईल. फिरती आणि लहान वस्ती नकाशातून सुटते, हे वर पाहिलेच.

दरडी आणि वाड्या

३० जुलै २०१४ ला माळीण, २२ जुलै २०२१ ला तळिये, १९ जुलै २०२३ ला इर्शाळवाडी. तिन्ही ठिकाणी उताराखालची वस्ती गाडली गेली. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने देशभर दरडप्रवणतेचे नकाशे १:५०,००० याच प्रमाणावर केले आहेत. त्यांना जुन्या शीट्सची जोड दिली तर काळाचा आयाम येतो. वाडी मूळ कुठे होती आणि नंतर कुठे सरकली, कोणत्या ओढ्याचे मूळ सपाटीकरणात बुजले, कोणत्या उतारावरची झाडी कधी गेली, हे ताडून पाहता येते. दरड कधी कोसळेल ते नकाशा सांगू शकत नाही. पण कोणत्या उताराला आपण गेल्या शंभर वर्षांत काय केले, ते तो सांगू शकतो, आणि धोक्याच्या वाड्यांचा क्रम लावताना ही माहिती हाती असायला हवी.

नकाशे आहेत कुठे

इतके मोलाचे हे साहित्य सामान्य वाचकापासून दीर्घकाळ दूर राहिले. किनाऱ्यापासून आणि सीमेपासून साधारण ८० किलोमीटरच्या पट्ट्यातल्या शीट्स संरक्षणाच्या कारणाने निर्बंधित होत्या. कोकण आणि मध्य-दक्षिण सह्याद्रीचा जवळपास सगळा माथा या पट्ट्यात येतो. त्यामुळे डोंगरात हिंडणाऱ्यांच्या एका पिढीने अमेरिकन सैन्याच्या नकाशाखात्याने १९५० च्या दशकात केलेल्या १:२,५०,००० च्या मालिकेवर काम चालवले. ती टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने जगासाठी मोफत ठेवली आहे, आणि मुळात सर्व्हे ऑफ इंडियाच्याच शीट्सवरून बेतलेली आहे.

२००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने संरक्षणासाठी एक आणि नागरिकांसाठी एक अशा दोन मालिका केल्या. २०१७ मध्ये नागरी मालिकेच्या शीट्स आधार क्रमांक देऊन मोफत उतरवून घेण्याची सोय झाली. फेब्रुवारी २०२१ ची मार्गदर्शक तत्त्वे आणि २०२२ चे राष्ट्रीय भू-स्थानिक धोरण यांनी दार आणखी उघडले. पण हे सगळे आजच्या नकाशांविषयी. १९२० आणि १९३० च्या दशकांतल्या एक इंची शीट्स, त्यांच्या वेगवेगळ्या आवृत्त्या, आणि मैलाला चार इंचांचे वननकाशे दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात, लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत, वनविभागांच्या दप्तरांत आणि महाविद्यालयांच्या भूगोल विभागांच्या कपाटांत विखुरलेले आहेत. वननकाशांची अवस्था विशेष काळजीची, कारण ते कापडावर चिकटवलेले, थोड्याच प्रतींत असलेले आणि रोजच्या हाताळणीतले कागद आहेत.

करायची कामे स्पष्ट आहेत आणि आवाक्यातली आहेत. महाराष्ट्राच्या सह्याद्रीच्या एक इंची शीट्सच्या सर्व आवृत्त्या एकत्र स्कॅन करून, योग्य रूपांतरासह, सर्वांसाठी खुल्या कराव्यात. प्रत्येक वनविभागाने आपले जुने वननकाशे राज्याच्या पुराभिलेखागारामार्फत जतन करावेत आणि त्यांची प्रत मागणाऱ्या ग्रामसभेला विनाशुल्क द्यावी. वनहक्क समित्यांच्या प्रशिक्षणात समोच्च रेषा, हद्दरेषा आणि पाहणीचे साल वाचायला शिकवावे. भूगोलाच्या विद्यार्थ्यांनी आपापल्या तालुक्याची एक शीट घेऊन, गावातल्या म्हाताऱ्या माणसांना सोबत घेऊन, नावे, वाटा आणि झाडी पडताळावी. वाटा आणि वस्त्यांची नावे सांगू शकणारी पिढी आता ऐंशीच्या घरात आहे, म्हणून या कामाला मुदत आहे.

हे नकाशे परकीय सत्तेने राज्य चालवण्यासाठी केले, आणि जंगलाच्या रेषा लोकांच्या वहिवाटी मोडून आखल्या, हे खरे आहे. तरी त्यांत उतरलेली माहिती इथल्याच माणसांनी सांगितलेली आहे, आणि खर्च इथल्याच महसुलातून झालेला आहे. त्या माहितीवर पहिला हक्क डोंगरात राहणाऱ्यांचा आहे. ज्या कागदाने एकेकाळी त्यांना जंगलाबाहेर काढले, तोच कागद आज त्यांचे तिथले असणे सिद्ध करू शकतो. तो त्यांच्या हाती पोचवणे हे सरकारी खात्यांचे कर्तव्य आहे, आणि त्यासाठी आग्रह धरणे हे आपल्या सगळ्यांचे.